विश्लेषण : फोर्टमधले ‘नवे कोरे’ जुने ऑफिस भाड्याने घेताना काय तपासायचे?

दक्षिण मुंबईत ऑफिसची जागा शोधणाऱ्यांच्या मोबाइलवर सध्या एकाच साच्यातल्या जाहिराती येत आहेत. शंभर वर्षांची दगडी इमारत, आत पांढऱ्या भिंती, एका कोपऱ्यात मुद्दाम उघड्या ठेवलेल्या विटा, काचेची कॉन्फरन्स रूम, खाली कॅफे आणि ‘स्टेशनपासून चालत पाच मिनिटे’. फोर्ट, काळा घोडा, बॅलार्ड इस्टेट या पट्ट्यातल्या जुन्या जागांना नवे रूप देऊन त्या भाड्याने देण्याचा व्यवहार जोरात आहे. जाहिरातीतले फोटो बहुतेक वेळा खरेच असतात. मात्र जागा दाखवणाऱ्याला ती भाड्याने देण्याचा हक्क आहे का, सांगितलेल्या चौरस फुटांपैकी किती हाताला लागणार आणि त्या पांढऱ्या रंगाखालची तुळई कोणत्या अवस्थेत आहे, हे फोटोत दिसत नाही. दहा-पंधरा जणांच्या छोट्या कंपनीची पुंजी अनेकदा याच तीन प्रश्नांत अडकते.

फोर्टकडे पुन्हा ओढा कशामुळे?

मुंबईतल्या ऑफिसांचा प्रवास एका दिशेने होत आला आहे. आधी फोर्ट, मग १९७०च्या दशकात समुद्र हटवून उभे राहिलेले नरिमन पॉइंट, त्यानंतर वांद्रे-कुर्ला संकुल आणि लोअर परळच्या गिरण्यांच्या जागा. मोठ्या बँका आणि कंपन्या उत्तरेकडे सरकल्या, तशी फोर्टमध्ये वकील, चार्टर्ड अकाउंटंट, शिपिंग एजंट, आर्किटेक्ट आणि ज्यांना हलणे परवडत नव्हते ते उरले.

चित्र पालटण्यामागचे एक ताजे कारण जमिनीखाली आहे. कफ परेडपर्यंतची मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली आणि सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट, विधान भवन ही स्थानके या भागाला मिळाली. मध्य आणि पश्चिम रेल्वेची दोन्ही शेवटची स्थानके चालण्याच्या अंतरावर आधीपासूनच होती. डोंबिवलीचा कर्मचारी आणि बोरिवलीचा कर्मचारी दोघांनाही गाडी न बदलता गाठता येईल अशी ऑफिसची जागा मुंबईत फारशी कुठे नाही. उलट दिशेची सोय हा या भागाचा आणखी एक फायदा. गाडी इथूनच सुटत असल्याने संध्याकाळी परतताना बसायला जागा मिळण्याची शक्यता असते. लोकलने जाणाऱ्याला याची किंमत वेगळी सांगायला नको.

बाकी मग वस्तीची गजबज. जहांगीर आर्ट गॅलरी, १९९९ पासून भरणारा काळा घोडा महोत्सव, यझदानीचा ब्रून मस्का, बॅलार्ड इस्टेटमधल्या ब्रिटानियाचा बेरी पुलाव. ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको इमारतींना २०१८ मध्ये युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला. काचेच्या टॉवरमधल्या फूड कोर्टला कंटाळलेल्या तरुण कर्मचाऱ्यांना हे आवडते आणि नोकरीसाठी माणसे मिळवताना कंपन्यांना ते सांगताही येते.

पण इतक्या जागा रिकाम्या झाल्या कशा?

याचे उत्तर भाडे कायद्यात आहे. १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी गोठवली. मालकाला महिन्याला काही शे रुपये मिळत आणि भाडेकरूला काढता येत नसे. त्यामुळे मालकाने दुरुस्ती सोडून दिली आणि भाडेकरूने जागा धरून ठेवली. बाजारभाव आणि कागदावरचे भाडे यांतल्या प्रचंड फरकातून ‘पागडी’ जन्माला आली. भाडेकरू आपला हक्क रोख रक्कम घेऊन दुसऱ्याला देत असे आणि त्यातला ठरावीक वाटा मालक घेत असे.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि त्याने दोन गोष्टी केल्या. पागडीच्या व्यवहाराला कायद्याची मान्यता दिली. त्याचबरोबर बँका, सार्वजनिक उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी रुपये किंवा त्याहून अधिक भरणा झालेले भांडवल असलेल्या कंपन्या यांचे भाडे संरक्षण काढून घेतले. ज्या मोठ्या भाडेकरूंनी फोर्टमधले अख्खे मजले नाममात्र भाड्यात अडवले होते, त्यांना बाजारभाव द्या नाहीतर जागा सोडा, असे सांगणे मालकांना शक्य झाले. आज रंगरंगोटी होऊन बाजारात येणाऱ्या जागांपैकी काही अशा सुटलेल्या आहेत. काही मात्र अजूनही पागडीच्याच आहेत आणि खरी गोम तिथे आहे.

जागा दाखवणारा ‘मालक’ खरा मालक असतो का?

फोर्टमध्ये हा प्रश्न उद्धट मानला जात नाही. तो पहिल्याच भेटीत विचारायचा असतो. समोरची व्यक्ती चार प्रकारची असू शकते. इमारतीचा मालक, म्हणजे एखादे कुटुंब, ट्रस्ट किंवा कंपनी. सोसायटीतल्या गाळ्याचा मालक. पागडीचा भाडेकरू. किंवा कोणाकडून तरी आधीच भाड्याने घेऊन, सजवून पुढे देणारा. चौघेही सहज ‘आमची जागा’ म्हणतात. बोलीभाषेत ते चूकही नाही.

पागडीच्या भाडेकरूला मूळ मालकाच्या संमतीशिवाय जागा पुढे भाड्याने किंवा लायसन्सवर देता येत नाही. दिली, तर बेकायदा पोटभाडेकरू ठेवला या कारणावरून मालक ताबा मागू शकतो. भांडण त्या दोघांचे असते. पण कोर्टाने ताबा द्यायला सांगितला, की आत बसलेल्या तिसऱ्याला निघावेच लागते. समजा, एखाद्या १५ जणांच्या डिझाइन फर्मने अशा जागेत २५ लाखांचे इंटिरिअर केले. करार नोंदवलेला आहे, भाडे वेळेवर जाते, टीडीएस कापला जातो. सगळे नियमात असूनही फर्मच्या हातात काहीच राहत नाही, कारण ज्याने करार केला त्याला तो करण्याचा हक्कच नव्हता. डिपॉझिट परत मिळवण्यासाठी त्याच्यामागे धावणे एवढेच मग उरते.

यावरचा उपाय रुक्ष आहे, पण स्वस्त आहे. नगर भूमापन कार्यालयाचे मालमत्ता पत्रक, महापालिकेचे मालमत्ता कराचे ताजे बिल, नोंदणी विभागाकडचे इंडेक्स टू आणि पागडीची जागा असेल तर भाडेपावतीसोबत मूळ मालकाचे लेखी संमतीपत्र, हे कागद वकिलाकडून तपासून घ्यायचे. संमतीपत्रात कराराची मुदत आणि घेणाऱ्या कंपनीचे नाव असले पाहिजे. ‘मालकाशी आपले घरचे संबंध आहेत, ते काही बोलत नाहीत’ हे वाक्य दक्षिण मुंबईतले दलाल फार सहज उच्चारतात. मालक बोलत नसतील, तर सही करायलाही त्यांची हरकत नसावी.

बॅलार्ड इस्टेटमध्ये एक पायरी वाढते. हा भाग पोर्ट ट्रस्टने १९१४ ते १९१८ या काळात वसवला, जॉर्ज विटेट यांच्या आराखड्यानुसार. पोर्ट ट्रस्ट म्हणजे आताचे मुंबई पोर्ट प्राधिकरण इथल्या जमिनीचे धनी आहे आणि इमारती दीर्घ मुदतीच्या पट्ट्यावर आहेत. म्हणजे ‘मालक’ स्वतःच पट्टेदार असतो. त्याच्या पट्ट्याची मुदत शिल्लक आहे का आणि पुढे भाड्याने द्यायला प्राधिकरणाची परवानगी लागते का, हे पाहावे लागते.

जागेवर बँकेचे कर्ज आहे का, हेही विचारायला हवे. गहाण ठेवल्यानंतर बँकेच्या संमतीविना दिलेले लायसन्स कर्ज थकल्यावर टिकवणे अवघड जाते. सरफेसी कायद्याखाली बँक ताब्यासाठी थेट दारात येते.

लीज की लिव्ह अँड लायसन्स?

मुंबईत छोट्या ऑफिसांचे जवळपास सगळे करार ‘लिव्ह अँड लायसन्स’चे असतात. लीजमध्ये जागेतला एक हक्क भाडेकरूकडे जातो. लायसन्समध्ये फक्त वापरायची परवानगी मिळते, कायदेशीर ताबा मालकाचाच राहतो. मालकांच्या या आग्रहामागे जुनी धास्ती आहे. १ फेब्रुवारी १९७३ रोजी लायसन्सवर जागेत असलेल्यांना कायद्याने एका झटक्यात संरक्षित भाडेकरू केले होते. पन्नास वर्षे उलटली, तरी दक्षिण मुंबईतली मालक मंडळी ती तारीख विसरलेली नाहीत.

दुसरे कारण मुद्रांक शुल्काचे. ६० महिन्यांपर्यंतच्या लायसन्सवर महाराष्ट्रात एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के इतकेच शुल्क लागते. त्यात परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने काढलेली रक्कमही मिळवली जाते. लीजचे शुल्क मात्र मालमत्तेच्या बाजारमूल्याच्या ठरावीक हिश्श्यावर, खरेदीखताच्या दराने आकारले जाते. फोर्टमधल्या दरांत तो आकडा डोळे पांढरे करणारा असतो. म्हणूनच बहुतेक करार पाच वर्षांच्या आत ठेवले जातात.

करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि नोंदणीची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. नोंदणी नसेल, तर कराराच्या अटींबद्दल भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. मालकाला दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ‘आधी राहायला या, नोंदणी नंतर करू’ म्हणणारा मालक खरे तर स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेत असतो. तरीही पाडून घेणारे भेटतात.

बाराशे फुटांचे ऑफिस साडेसातशेचे कसे होते?

घर विकताना बिल्डरला रेरामुळे कार्पेट क्षेत्रफळ सांगावे लागते. ऑफिस भाड्याने देताना असे बंधन नाही. इथे दर ‘चार्जेबल’ क्षेत्रफळावर बोलला जातो. आतल्या वापरण्याजोग्या जागेवर जिना, लॉबी, लिफ्ट, सामाईक स्वच्छतागृह यांचा वाटा चढवून हा आकडा तयार होतो. जुन्या इमारतींच्या भिंती दोन-दोन फूट जाड आणि जिने ऐसपैस, त्यामुळे ही फुगवटी मोठी असते.

आकडे मांडले की चित्र स्पष्ट होते. उदाहरणापुरते धरू की जागा १२०० चौरस फूट चार्जेबल आहे आणि दर १५० रुपये आहे. भाडे झाले महिना १ लाख ८० हजार. टेप लावून मोजल्यावर कार्पेट निघाले ७५० चौरस फूट. म्हणजे खरा दर १५० नाही, २४० रुपये. शेजारच्या इमारतीतली २२० रुपये कार्पेट दराची जागा महाग वाटून सोडून दिली असेल, तर ती प्रत्यक्षात स्वस्त होती.

पुढे देखभाल खर्च. तो चौरस फुटाला १५ रुपये धरला, तर १८ हजार. एकूण १ लाख ९८ हजारांवर १८ टक्के जीएसटी ३५,६४० रुपये. महिन्याला खात्यातून निघणारा आकडा २ लाख ३३ हजार ६४०. त्यात १५ माणसे बसवली, तर माणशी साडेपंधरा हजारांच्या वर. यात वीज, इंटरनेट, चहा आणि सफाई धरलेली नाही.

सुरुवातीचा खर्च वेगळा. सहा महिन्यांचे डिपॉझिट १० लाख ८० हजार. दलाली साधारण एक महिन्याचे भाडे. तीन वर्षांचा करार आणि दरवर्षी ५ टक्के वाढ धरली, तर मुद्रांक शुल्क सुमारे १८ हजार आणि नोंदणी फी एक हजार. सरकारचा वाटा या यादीत सर्वात लहान आहे, हे क्वचितच घडते.

जीएसटीबाबत एक बारकावा फोर्टमध्ये विशेष महत्त्वाचा आहे. ज्यांच्या सेवांवर जीएसटी लागतो, त्या कंपन्यांना भाड्यावरचा कर वळता करून घेता येतो. वकिलांना तो सहसा घेता येत नाही, कारण त्यांच्या सेवेवरचा कर एकतर माफ असतो किंवा तो घेणारी कंपनीच भरते. उच्च न्यायालयाच्या अवतीभवती जागा शोधणाऱ्या वकिलाने म्हणूनच भाड्यात सरळ १८ टक्के मिळवूनच हिशेब करावा. ऑक्टोबर २०२४ पासून मालक नोंदणीकृत नसला आणि भाडेकरू कंपनी नोंदणीकृत असली, तर ‘मालक जीएसटी लावत नाही’ याचा अर्थ कर वाचला असा होत नाही. तो भाडेकरूनेच भरायचा असतो.

क्षेत्रफळात आणखी एक पाहुणा दडलेला असतो, तो म्हणजे पोटमाळा. चौदा-पंधरा फुटी छताच्या जागेत लोखंडी सांगाडा टाकून अर्धा मजला वाढवला जातो आणि त्याचेही भाडे लावले जाते. तो मंजूर नकाशात आहे का, हा प्रश्न विचारल्यावर अनेकदा विषय बदलतो. अनधिकृत पोटमाळ्यावर महापालिकेची नोटीस आली, तर निम्मी टेबले कुठे हलवायची हे भाडेकरूला पाहावे लागते. भाडे मात्र करारात लिहिलेल्या फुटांप्रमाणे चालू राहते.

रंगकामाखाली काय असते?

नूतनीकरण या शब्दाखाली दोन वेगळी कामे खपतात. एका कामात छत, तुळया, गटार, मुख्य वायरिंग, गच्चीचे वॉटरप्रूफिंग होते. त्याला महिने लागतात आणि पाहणाऱ्याला त्यातले काही दिसत नाही. दुसऱ्या कामात फॉल्स सीलिंग, रंग, लाकडासारखी दिसणारी फरशी आणि पिवळे दिवे येतात. ते तीन आठवड्यांत उरकते आणि फोटोत झकास दिसते. मागितले जाणारे भाडे दोन्हींना सारखेच असते.

फोर्टमधल्या जुन्या इमारतींत सागवानी तुळया किंवा लोखंडी गर्डर आणि त्यावर विटांच्या कमानी असे मजले आढळतात. पाणी झिरपले, की लाकूड कुजते आणि लोखंड गंजून फुगते. फॉल्स सीलिंग नेमके हेच झाकते. जागा पाहताना सीलिंगचा एखादा तुकडा उघडून दाखवायला सांगणे पूर्ण रास्त आहे. यूपीएसच्या बॅटऱ्या, तिजोऱ्या, फायलींची सरकती कपाटे कुठे ठेवायची, हेही अशा मजल्यावर इंजिनिअरला विचारून ठरवावे. एक मोठी बॅटरी ५० किलोच्या आसपास भरते. दहा बॅटऱ्या एका कोपऱ्यात रचल्या, तर अर्धा टन वजन काही चौरस फुटांवर येते.

ही भीती काल्पनिक नाही. काळा घोड्याची एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे पूर्वीचे वॉटसन हॉटेल, जिथे ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंचे चलचित्र भारतात प्रथम दाखवले गेले, ती लोखंडी सांगाड्याची इमारत २०१९ मध्ये धोकादायक ठरल्याने रिकामी करावी लागली. तिथे वर्षानुवर्षे वकिलांची ऑफिसे होती. जुलै २०२०च्या पावसात फोर्टमधलीच भानुशाली इमारत कोसळून माणसे दगावली.

मुंबई महापालिकेच्या कायद्यानुसार ३० वर्षांहून जुन्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण बंधनकारक आहे. त्यानुसार इमारतींची सी-१, सी-२ए, सी-२बी, सी-३ अशी वर्गवारी होते. सी-१ म्हणजे तातडीने रिकामी करून पाडण्याजोगी. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, आणि भाड्याने घेणाऱ्यासाठी हा वर्गही तितकाच वाईट. या परीक्षणाचा ताजा अहवाल मागावा. ‘इंग्रजांच्या काळातली आहे, काही होत नाही’ हा अहवाल नव्हे.

विजेकडे सर्वात कमी लक्ष जाते आणि सर्वात आधी तीच त्रास देते. फोर्टला वीज ‘बेस्ट’ पुरवते. जुन्या ऑफिसांचा मंजूर भार पंखे आणि दिव्यांच्या हिशेबाने घेतलेला असतो. ७५० चौरस फुटांत उंच छताला पुरतील असे एसी, १५ संगणक, प्रिंटर, पॅन्ट्रीतला मायक्रोवेव्ह मिळून भार सहज दहा-बारा किलोवॅटपर्यंत जातो. मंजूर भार तीन किलोवॅटचा असेल, तर उरलेला वाढवून मिळेल का, हे इमारतीच्या मुख्य केबलवर आणि मीटर रूमवर अवलंबून असते. मालकाच्या तोंडी आश्वासनाचा तिथे उपयोग नाही. करारावर सही करण्यापूर्वी विजेचे शेवटचे बिल पाहिले, तर मंजूर भार, दराचा वर्ग, मीटर कोणाच्या नावे आहे आणि थकबाकी किती, या चारही गोष्टी एका कागदावर मिळतात.

आगीचेही तसेच. इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचे ‘फॉर्म बी’ प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैत, घ्यावे लागते. ते नसेल, तर लाकडी जिना आणि खाली रेस्टॉरंटचे स्वयंपाकघर हा मेळ विचार करायला लावणारा आहे. दुसरा जिना आहे का आणि त्याच्या दाराला कुलूप आहे का, हे स्वतः चालत जाऊन पाहावे.

हेरिटेज इमारतीत काय बदलता येते?

मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली लागू आहे आणि फोर्टचा मोठा भाग वारसा परिसरात येतो. पहिल्या श्रेणीच्या इमारतीत आत-बाहेर काहीही बदलायला जवळपास मज्जाव आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या श्रेणीत आतले बदल आणि नवा वापर यांना वाव मिळतो, पण दर्शनी भाग जपावा लागतो. एसीचे बाहेरचे युनिट, कंपनीची पाटी, खिडक्यांच्या जुन्या तावदानांऐवजी अॅल्युमिनियमच्या सरकत्या काचा, ही तीन कामे भाडेकरू सर्वाधिक निष्काळजीपणे करतात आणि नेमकी ती रस्त्यावरून दिसतात. इमारत कोणत्या श्रेणीत आहे आणि आधी झालेल्या कामाला परवानगी होती का, हे मालकाकडून लेखी घेतले, तर पुढची नोटीस कोणाच्या नावे हा वाद टळतो. नूतनीकरण मालकाने केले असेल, तर त्याचा कागदही मालकाकडे असायला हवा.

लॉक-इन दोघांचे की एकाचेच?

छोट्या कंपन्या भाड्यावर घासाघीस करतात आणि लॉक-इनचे कलम न वाचता सही करतात. लॉक-इन म्हणजे ज्या काळात करार मोडता येत नाही तो काळ. मोडला, तर उरलेल्या महिन्यांचे भाडे भरायचे. तीन वर्षांच्या लॉक-इनमध्ये दहाव्या महिन्यात मोठा ग्राहक तुटला, तर २६ महिन्यांचे भाडे मानेवर बसते. काही करारांत हे बंधन फक्त भाडेकरूवर असते. मालक तीन महिन्यांच्या नोटिशीवर जागा परत मागू शकतो. इंटिरिअर भाडेकरूच्या पैशाने होणार असेल, तर असा करार करूच नये. खर्च वसूल होईल इतका काळ मालकानेही बांधून घ्यायला हवे.

इंटिरिअरच्या कामाचे दीड-दोन महिने भाडेमाफ मिळावेत, हा बाजारातला रिवाज आहे. मागितले तर मिळतात. जागा सोडताना ‘होती तशी करून देणे’ या अटीचा अर्थही आधीच ठरवावा. ताबा घेतानाचा तारीखवार व्हिडिओ आणि करारासोबत जोडलेली सामानाची यादी नसेल, तर डिपॉझिटमधून आधीच्याच भाडेकरूने फोडलेल्या फरशीचे पैसे कापले जातात. डिपॉझिट परत मिळेपर्यंत ताबा न सोडण्याचे कलम मालकांना आवडत नाही. चाव्या आणि धनादेश यांची एकाच दिवशी देवाणघेवाण, यावर बहुतेकदा तडजोड होते. कोविडनंतर आणखी एक कलम चर्चेत आले. सरकारी आदेशाने किंवा इमारत धोकादायक ठरल्याने जागा वापरता आली नाही, तर भाडे थांबणार की नाही? जुन्या इमारतीत हे कलम शोभेचे नाही.

सजवलेली सीट घेणे सोपे नाही का?

सोपे आहे. अख्खी जुनी इमारत किंवा मजला घेऊन, तो सजवून, सीटच्या हिशेबाने देणाऱ्या कंपन्या फोर्टमध्ये आहेत. डिपॉझिट कमी, वीज-इंटरनेट-चहा आत, एका महिन्याच्या नोटिशीवर बाहेर. दहापेक्षा कमी माणसांची आणि वर्षभरात दुप्पट किंवा निम्मी होऊ शकणारी कंपनी असेल, तर स्वतःची जागा घेऊन २५ लाख भिंतींना लावण्यात शहाणपण नाही.

पण हा करार जागेचा नसतो, सेवेचा असतो. चालवणाऱ्या कंपनीचा मूळ मालकाशी असलेला करार संपला किंवा तिचे भाडे थकले, तर सीटवाल्याला मालकाकडे दाद मागता येत नाही. या धंद्यातली जगातली सर्वात गाजलेली कंपनी वीवर्क हिने नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला होता. भारतातला तिचा व्यवसाय वेगळ्या कंपनीकडे असल्याने इथली ऑफिसे सुरू राहिली. चालवणाऱ्याच्या मूळ कराराची किती मुदत शिल्लक आहे, एवढे तरी विचारावे.

आणि गजबज?

ती भाड्यात फुकट मिळते आणि कधी कधी नको तेव्हाही मिळते. आझाद मैदानावर मोर्चा आला, की सीएसएमटीच्या बाजूचे रस्ते बंद होतात. ऑगस्ट २०२५ अखेर मराठा आरक्षण आंदोलनाच्या दिवसांत या भागात ऑफिस गाठणे हीच कसरत झाली होती. पार्किंग जवळपास नाहीच, ‘पे अँड पार्क’ सकाळीच भरते. तळमजल्यावर हॉटेल असेल, तर त्याची धुराची चिमणी कोणत्या खिडकीखाली उघडते हे दुपारी एक वाजता जाऊन पाहावे, सकाळी दहाला कळत नाही.

शनिवार-रविवारचे गणित वेगळे. फोर्टमधल्या कित्येक जुन्या इमारती अजून कोर्ट आणि बँकांच्या वेळापत्रकावर चालतात. संध्याकाळी आठला मुख्य दरवाजा ओढला जातो, रविवारी लिफ्ट बंद असते आणि पाण्याचा पंप लावणारा माणूस गावी गेलेला असतो. अमेरिकेतल्या ग्राहकाच्या वेळेनुसार काम करणाऱ्या कंपनीला रात्री साडेदहाला जिन्यातला दिवा कोण लावणार, हे करारात लिहून घ्यावे लागते. जागा एकदा कामाच्या दिवशी दुपारी, एकदा रात्री आणि जमल्यास एकदा मुसळधार पावसात पाहिलेली बरी. जुलैत ज्या खोलीचे दार फुगून बसते, त्याच खोलीचा फोटो बहुधा जाहिरातीत नसतो.